दप्तर आणि फोटो
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



कंपनीत सीएसआरचं काम माझ्याकडे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटींवर गेला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करा. शिक्षण त्यात बसतं. तेव्हा आम्ही काही कर्णाचे अवतार नव्हे!

गेल्या जूनमध्ये एका वस्तीतल्या शाळेत दप्तरं वाटली. अहवालाला फोटो हवा, म्हणून मुलं रांगेत उभी केली. एका मुलीनं नवं दप्तर तोंडासमोर धरलं. फोटोग्राफर म्हणाला, "खाली घे." मीही तेच म्हणालो.

परतताना आमची दहावी आठवली. बोर्डाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि माझी फी परस्पर भरलेली. कुणी, ते शिपाईमामांनी निकालानंतर सांगितलं. ते सर आज पहिल्या रांगेत बसलेत. नाव घेतलेलं त्यांना चालायचं नाही.

यंदाच्या अहवालाला मी फक्त पावत्या आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडलंय. वरून विचारणा आलीय, "फोटो कुठे आहेत?" सोमवारी उत्तर द्यायचंय.