सापडलेला मोबाईल कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षिसे मिळविणाऱ्या मुलामुलींचे कौतुक माझ्या अगोदरच्या वक्त्यांनी केले आहे आणि शिक्षणाचे महत्त्वही त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. त्यात मी भर घालीत नाही. मी आज एका लहानशा वाटणाऱ्या गोष्टीवर बोलणार आहे. रस्त्यात, एस.टी.त किंवा मशिदीच्या वजूखान्यात दुसऱ्याचा मोबाईल फोन सापडला आणि आपण तो ठेवून घेतला, तर पुढे काय होते? विषय किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. परंतु वकिलीच्या निमित्ताने हा किरकोळ विषय माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की, आता मला तो किरकोळ वाटत नाही. शिवाय तो घेऊन येणारी माणसे सराईत चोर नसतात. ती तुमच्या-आमच्या घरांतली मुले असतात, आणि त्यांच्या मागे खाली मान घालून त्यांचे वडील येतात.

एका मुलाची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. अकरावीत शिकणारा, अभ्यासात बरा, पाच वक्त नमाजी घरातला मुलगा. एस.टी. स्टँडवरच्या बाकावर त्याला फोन पडलेला दिसला. आजूबाजूला कोणी नव्हते, म्हणून त्याने तो उचलला. इथपर्यंत काहीही चुकले नव्हते. तेवढ्यात फोन वाजू लागला. मुलगा गांगरला. उचलावा तर समोरचा माणूस आपल्यालाच चोर म्हणेल, असे त्याला वाटले. त्याने फोन बंद करून खिशात टाकला. घरी जाऊन सिमकार्ड काढले आणि गटारात टाकले. फोनला कुलूप होते, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला पैसे देऊन आतले सगळे पुसून घेतले. दहा-बारा दिवसांनी तोच फोन मामेभावाला तीन हजार रुपयांना दिला. मामेभावाने विचारले नाही, याने सांगितले नाही. चार महिने सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी मामेभावाला दुसऱ्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यातून विचारणा आली की, तुम्ही वापरीत असलेला फोन हरवल्याची नोंद आमच्याकडे आहे, तो तुमच्याकडे कसा आला?

दोन्ही घरांचे वडील माझ्याकडे आले तेव्हा त्यांना सर्वात मोठे नवल याचे होते की, सिम फेकून दिले, आतले पुसले, तरी पोलिसांना कळले कसे? मुलांनो, हे नीट ऐका. प्रत्येक फोनला कारखान्यातच १५ आकडी क्रमांक मिळतो. त्याला आयएमईआय म्हणतात. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन क्रमांक असतात. फोनवर *#०६# असे दाबले की तो दिसतो, आणि फोनच्या खोक्यावरही छापलेला असतो. सिम बदलले किंवा आतला मजकूर पुसला तरी हा क्रमांक पुसला जात नाही. हरवलेल्या फोनचे क्रमांक नोंदविण्याची केंद्र सरकारची व्यवस्था २०१९ साली प्रथम आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या नावाच्या संकेतस्थळामार्फत ती सगळ्या देशाला खुली झाली. मालकाने पोलिसांत नोंद करून तेथे क्रमांक दिला की तो फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या जाळ्यावर बंद पाडता येतो. त्यात कोणी नवे सिम घातले की ते कोणाच्या नावावर आहे याचा माग लागतो. म्हणजे मामेभावाने पहिल्या दिवशी सिम घातले तेव्हाच त्याने आपले नाव आणि पत्ता कळवून टाकला होता. निरोप पोहोचायला तेवढे चार महिने लागले. हा क्रमांकच बदलून देणारे महाभाग बाजारात आहेत, असे मला एका मुलाने मोठ्या हुशारीने सांगितले. त्याला मी एवढेच सांगितले की, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने अशी फेरफार हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा केला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. “साहेब, मी चोरला नाही, मला सापडला,” हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकले आहे. ते खरेही असते. कोणाच्या खिशातून काढणे म्हणजे चोरी. पडलेले उचलणे ही चोरी नव्हे. परंतु दुसऱ्याची जंगम वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा वेगळा गुन्हा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याचे कलम ४०३ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ३१४ आहे. जुन्या कायद्यात न्यायाधीशाला नुसत्या दंडावर सोडता येत असे. नव्यात शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद, शिवाय दंड. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याचा विचार निराळा होतो. पण त्याच्याकडून फोन विकत घेणारा मामेभाऊ बावीस वर्षांचा होता.

या मामेभावाची गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. अशा रीतीने आपलीशी केलेली वस्तू कायद्याच्या भाषेत ‘चोरीचा माल’ ठरते, आणि तसे ठाऊक असून किंवा तसे मानावयास कारण असून ती घेणाऱ्याला कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सापडणाऱ्याला दोन आणि स्वस्तात घेणाऱ्याला तीन! दहा-बारा हजारांचा फोन बिलाशिवाय, खोक्याशिवाय तीन हजारांना मिळतो, तेव्हा ‘मानावयास कारण’ नव्हते असे मी न्यायालयात कोणत्या तोंडाने सांगावे? जुना फोन घ्यावयाचाच असेल तर केवायएम ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे तो १५ आकडी क्रमांक लिहून १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवावा. फोनची नोंद काय आहे ते उत्तरात कळते.

या जुन्या कलमाखाली काही उदाहरणे दिली होती आणि ती मला फार बोलकी वाटतात. एकाला हमरस्त्यावर एक रुपया सापडला. तो कोणाचा हे त्याला ठाऊक नाही. त्याने नुसता तो उचलला, एवढ्याने गुन्हा होत नाही. दुसऱ्याला रस्त्यावर पत्र सापडले, त्यात नोट होती. पत्रावरील पत्त्यावरून आणि मजकुरावरून नोट कोणाची हे त्याला कळले, तरी त्याने ती ठेवून घेतली. हा गुन्हा आहे. रुपयावर नाव नसते, पत्रावर असते, एवढाच तो फरक. मोबाईल फोन हा रुपया आहे की पत्र, हे तुम्हीच ठरवा. मला तर तो पत्राहून अधिक वाटतो, कारण पत्र आपल्या मालकाला हाक मारीत नाही. मालक शोधण्याचे साधन हातात असता, किंवा शोधण्याचा वाजवी प्रयत्न करून वाजवी काळ वाट पाहण्याअगोदर, वस्तू आपलीशी केली की दोष लागतो, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या फिक्हच्या ग्रंथांत सापडलेल्या वस्तूला ‘लुकता’ म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. हिदाया या हनफी ग्रंथातही असे प्रकरण आहे. सापडलेल्या वस्तूबद्दल विचारणा झाली तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) सांगितले की, थैली आणि तिची दोरी ओळखून ठेवा आणि एक वर्ष पुकारा करा. ही रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्या कोकणात बहुतेक शाफई, घाटावर बहुतेक हनफी. वर्षानंतर काय करावे याबद्दल दोन्हींत फरक आहे. शाफई मतानुसार सापडणाऱ्याला ती वापरता येते. हनफी मतानुसार तो स्वतः गरीब नसेल तर त्याने ती खैरात करावी. परंतु मालक नंतर उगवला तर त्याचा हक्क बुडत नाही, यावर दोघांचे एकमत आहे. हनफी ग्रंथांत आणखी एक बारकावा आहे. वस्तू उचलताना, ही मी मालकाला परत देण्यासाठी उचलीत आहे, असे सापडणाऱ्याने साक्षीदारांपुढे बोलून दाखवावे. मग ती त्याच्या हातात अमानत ठरते आणि हलगर्जीपणा न होता हरवली तर भरपाई त्याच्यावर येत नाही. स्वतःसाठी उचलली असे त्याने कबूल केले, तर ती हरवली तरी भरपाई त्याच्या गळ्यात पडते. कायदाही शेवटी उचलणाऱ्याच्या नियतीकडेच बोट दाखवितो.

आणि तो पुकारा! त्या काळी बाजारात, मशिदीच्या दाराशी उभे राहून ओरडावे लागे. आज फोन स्वतःच पुकारा करतो. तो वाजतो. त्या मुलाने स्टँडवर पहिले काम कोणते केले? तो पुकारा बंद केला. त्याचे वय, त्याची भीती, हे सारे मी अर्जात लिहिले आणि ते खरेही होते. पण प्रकरण तेथेच फिरले होते. पुढच्या सिम काढण्या-विकण्याच्या गोष्टी त्यामागून आल्या.

मालकीण कोण होती ते नंतर कळले. शाळेत खिचडी शिजविणारी एक विधवा बाई. फोन हप्त्याने घेतलेला. पोलीस ठाण्यात तिला तो परत मिळाला तेव्हा तिने तो उघडून पाहिला आणि ती तशीच बसून राहिली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. कामावरून तो तिला बोलून निरोप पाठवी, ते त्या फोनमध्ये होते. दुरुस्तीवाल्याने पाचशे रुपयांत जे पुसले त्यात तेही गेले. ते दुसरीकडे कोठे जपून ठेवता येतात हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिने तक्रार पुढे नेली नाही. मुलाच्या वडिलांनी पैसे पुढे केले, तेही घेतले नाहीत. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. वडिलांनी मला विचारले, “वकीलसाहेब, आता याची भरपाई काय?” माझ्याजवळ त्याला कलम नव्हते.

पालकांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. त्या दहा-बारा दिवसांत घरात कोणालाच तो फोन दिसला नाही काय? दिसला होता. आईला वाटले, कुवेतच्या चाचांनी पाठविला असेल. आपल्याकडे निम्म्या घरांतले कोणी ना कोणी आखातात आहे, पेट्या येतात, त्यातून वस्तू निघतात, आणि नवी वस्तू कोठून आली हे विचारण्याची आपली सवय सुटली आहे. परीक्षेतील गुण आपण विषयवार विचारतो. खिशातील वस्तूबद्दलही एकदा विचारावे, आणि तेही रागावून नव्हे. रागाच्या भीतीनेच तो मुलगा चार महिने गप्प राहिला.

मग फोन सापडला तर करावे काय? तो चालू ठेवावा. सिम काढू नये, कुलूप उघडण्याची खटपट करू नये. बॅटरी संपत आली असेल तर भारित करावा. तो बहुधा तासाभरात वाजतोच. उचलावा आणि आपण कोठे आहोत ते सांगावे. जो घ्यायला येईल त्याला पडद्यावर कोणते चित्र आहे, कव्हर कसले आहे, हे विचारावे. थैली आणि दोरी ती हीच. द्यावा तो चारचौघांत. घेणाऱ्याची सही घेतली तर उत्तम. एस.टी.त सापडला तर आगारात, रेल्वेत सापडला तर स्टेशन मास्तरांकडे किंवा रेल्वे पोलिसांकडे द्यावा आणि पोच मागावी. पोच मागायला संकोच करू नये, ती आपल्या उपयोगाची असते.

पोलीस ठाण्यात गेलो तर आपल्यालाच बसवून ठेवतील, ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकतो आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून मुलाने एकटे जाऊ नये. वडील, शिक्षक किंवा मोहल्ल्यातील एखादे जाणते गृहस्थ बरोबर असावेत, आणि जायचे ते त्याच दिवशी. पहिल्या दिवशी फोन घेऊन जाणारा आणि चार महिन्यांनी बोलावल्यावर जाणारा, यांच्याकडे पाहण्याच्या नजरेत फार अंतर असते.

काही विद्यार्थी बक्षिसाचेही विचारतात. १८७२ च्या करार कायद्यात त्याची तरतूद आहे. मालकाने अमुक बक्षीस देईन असे जाहीर केले असेल तर ते मागण्याचा हक्क सापडणाऱ्याला आहे. जाहीर केले नसेल तर श्रमाखर्चासाठी दावा लावता येत नाही, मात्र वस्तू सांभाळण्याचा व मालक शोधण्याचा झालेला खर्च मिळेपर्यंत ती अडवून धरता येते. मी स्वतः चार्जिंगच्या खर्चासाठी कोणाचा फोन अडवून धरा असे सांगणार नाही. उलट मालकांनाही सांगेन की, फोन आणून देणाऱ्या मुलाला “तुला कुठे सापडला?” असे दरडावून विचारू नका. तो पुढच्या वेळी उचलणार नाही, आणि दुसरा कोणीतरी उचलील.

शेवटी संस्थेला एक सूचना. कार्यालयात सापडलेल्या वस्तूंची एक वही ठेवावी. तारीख, वस्तू, कोठे सापडली, कोणी आणून दिली, कोणी नेली, अशी पाच रकान्यांची. फोन, छत्र्या, डबे, कंपासपेट्या, सगळे तिच्यात यावे. वही आठवीच्या वर्गाकडे सोपवावी आणि दर सोमवारी प्रार्थनेनंतर एका मुलाने किंवा मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवावी. मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. वही मी आणली आहे, ती त्यांच्या स्वाधीन करतो.