लेखणीला बेडी आणि सहा दिवसांचा संप

(भंडारदरा येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



या डांगाणातली किती घरे मुंबईच्या गिरण्यांवर जगली, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज गिरणगावाचीच गोष्ट सांगतो.

२४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत पकडले. चोरी नाही, दरोडा नाही. ‘केसरी’त लेख लिहिले, हाच गुन्हा! हायकोर्टात ज्यूरीत नऊ जण. सात गोरे, दोन पारशी. लेख मराठीत आणि न्याय इंग्रजी भाषांतरावरून! टिळकांनी स्वतः उभे राहून भाषांतरातल्या चुका दाखवल्या. पण ऐकतो कोण? सात गोऱ्यांनी दोषी म्हटले, दोन पारशांनी निर्दोष. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. पुढे मंडालेचा तुरुंग.

मग उठला कोण? गिरणी कामगार! सहा वर्षांच्या शिक्षेला त्याने सहा दिवसांच्या संपाने जबाब दिला. वर्षाला एक दिवस! पलटण आली, गोळ्या झडल्या, कामगार पडले. कित्येकांना अक्षरओळखही नव्हती. पण पेपर बंद झाला की आपलाच आवाज बंद, एवढे त्यांना पक्के कळले होते. परदेशात बसलेल्या लेनिननेही त्याच वर्षी आपल्या लेखात या संपाची दखल घेतली.

इंग्रज गेला म्हणून कुलूप गेले का? १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांना तुरुंगात डांबले. आपली बाजू छापायला पेपर हवा, म्हणून त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला आचार्य अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ काढला. १९७५ च्या आणीबाणीत तर छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवावा लागे. मिसाखाली माणूस खटल्याविना आत. दुर्गाबाई भागवत बोलल्या. १९७६ साली त्यांनाही तुरुंग!

बंधूंनो, हे प्रवरेचे धरण पाहा. दरवाजे आहेत म्हणून भिंत टिकते. सगळे दरवाजे बंद करून पाणी साठवत गेले, तर भिंतच जाईल. राज्याचेही तसेच. टीका हा त्याचा दरवाजा आहे.

मागण्या दोनच. लिहिल्या-बोलल्याबद्दल कोणी खटल्याविना आत जाता कामा नये. आणि मराठी माणसाचा न्याय मराठीत झाला पाहिजे. बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी माणूस १९५६ पासून हेच मागतो आहे : आमचा कारभार आम्हाला कळणाऱ्या भाषेत!

१९०८ साली रोजी बुडवून कामगाराने लेखणीची राखण केली. ती राखण आता आपल्याकडे आली आहे. आणि पकडलेला माणूस आपल्या मताचा नसला, तरीही ती करायची आहे!

जय महाराष्ट्र!