तराफा आणि लाल झेंडा
(एका बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? काळे कोट, महागडी तिकिटं, आणि खोकायचीही चोरी. पाऊणशे-शंभर वादक, समोर एक काठीवाला. सालं हे तर कारखान्यासारखंच! मुकादमाच्या इशाऱ्यावर हात चालवायचे. मग ह्याच यंत्रावर भांडवलशाहीविरुद्ध संगीत रचता येईल? जर्मनीच्या हान्स वेर्नर हेन्झेनं ते करून पाह्यलं.

१८१६ साली 'मेदूझ' नावाचं फ्रेंच जहाज सेनेगलच्या वसाहतीचा ताबा घ्यायला निघालं नि आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी वाळूत रुतलं. होड्या कमी. गव्हर्नर, कप्तान, बडी मंडळी होड्यांत बसली. उरलेली दीडशेच्या आसपास माणसं फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर कोंबली. होड्या तराफा ओढत नेणार होत्या. थोड्या वेळानं दोर कापला. तेरा दिवसांनी तराफा सापडला तेव्हा १५ जण जिवंत होते.

ह्यावर हेन्झेनं 'मेदूझचा तराफा' रचला. चे गव्हेराला अर्पण केला. विषमता त्यानं नुसती शब्दांत नाय ठेवली. मंचच वाटून टाकला. एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला मेलेले. जिवंतांकडं फुंकायची वाद्यं. फुंकायला श्वास लागतो ना! मेलेल्यांकडं तंतुवाद्यं. वाजता वाजता गाणारी माणसं इकडून तिकडं सरकत जातात. जिवंतांची रांग विरळ होते, ती डोळ्याला दिसते नि कानालाही कळते. अखेरीला ढोलांवर एक ठेका येतो. त्या काळच्या मोर्च्यांत हो चि मिन्हच्या नावानं घोषणा व्हायच्या, तोच ठेका.

९ डिसेंबर १९६८, हॅम्बुर्ग. काम रेडिओनं सांगितलेलं. विद्यार्थ्यांनी मंचावर चेचं चित्र लावलं, लाल झेंडा लावला. पश्चिम बर्लिनहून आलेले रेडिओचे गायक म्हणाले, ह्या झेंड्याखाली गाणार नाही. हेन्झे झेंडा काढायला तयार नाही. गोंधळ, पोलीस. शब्द लिहिणारा एर्न्स्ट श्नाबेल अटकेत. कार्यक्रम बंद.

गायकांना शिव्या घालणं सोपंय. पण तेही पगारावर गाणारे. त्यांच्या शहरात १९६१ पासून भिंत उभी होती, आणि भिंतीपलीकडच्या सत्तेचा झेंडाही लालच होता. हे विसरून चालत नाही. माझा झगडा तिकीटवाल्यांशी आहे. बड्यांनी दोर कापला, हे ऐकायला ते राजी होते. १८१६ ची गोष्ट ना! झेंडा लागला नि गोष्ट १९६८ ची झाली, तेव्हा बोंब उठली.

आणि गंमत बघा. सभागृहात पोलीस, पण रेडिओवर त्याच रात्री सरावाची रेकॉर्ड लागली. हॅम्बुर्ग हे बंदर. तिथला गोदी कामगार काय तिकीट काढून येणार होता? त्याच्या घरी रेडिओ असेल तर त्यानं ऐकलं, नि कोटवाले न ऐकताच घरी गेले. लोकांसमोर तराफा पुढं १९७१ साली वाजला, तोही हॅम्बुर्गात नाय, व्हिएन्नात.