शंभर दाणे
(रेडिओवरील भाषण)

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्या गावाला कायमची चिकटली आहे. दुसरीकडे जमलं तर ठीक, नाहीतर परभणी आहेच, तिथं कुणी उपाशी राहत नाही, असा तिचा अर्थ आमचे वडीलधारे सांगायचे. आज ती आठवली, कारण विक्रीच्या नोकरीबद्दल आपली मुलं अगदी असंच बोलतात. एमपीएससी झाली तर झाली, बँकेत लागलो तर लागलो, नाहीतर सेल्स आहेच. घरातही तीच तऱ्हा. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, तर 'मुलगा फिरतीवर असतो' एवढं सांगून घरचे लगेच चहा पुढे करतात.

मी अठ्ठावीस वर्षं फिरतीवर आहे. बियाणं, खतं आणि पिकांवरची औषधं विकतो. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत नऊ तालुक्यांतले रस्ते माझ्या पायाखालचे आहेत. या कामानं मला काय दिलं आणि काय घेतलं, ते आज सांगणार आहे. या वाटेवर येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी सांगतो आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

आमच्या कामाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते उन्हाळ्यात सुरू होतं. मार्च-एप्रिलमध्ये दुकानदारांकडून बुकिंग घ्यायचं. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, गाव न् गाव फिरून माल दुकानात पोचवायचा. मृग लागला की मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीन, कापूस, तूर, सगळ्यांची पेरणी एका पावसावर. वर्षभराचं टार्गेट त्या पंधरा-वीस दिवसांत पुरं होतं किंवा पडतं. पाऊस लांबला तर तोच माल दुकानात पडून राहतो आणि कंपनीचे फोन सुरू होतात. श्रावणात पीक उभं असताना शिवारात जाऊन शेतकऱ्यांना ते दाखवायचं. आणि दसरा-दिवाळीला सोयाबीन बाजारात आलं की वसुलीला निघायचं.

वसुली हा शब्द ऐकायला कोरडा आहे. तिच्यात माणसाची खरी परीक्षा होते. दुकानदारानं शेतकऱ्याला उधार दिलेलं असतं, कंपनीनं दुकानदाराला. भाव पडला किंवा काढणीच्या वेळी पाऊस झाला की साखळीतली पहिली कडी तुटते आणि झटका शेवटपर्यंत येतो. ज्याच्या घरी जूनमध्ये आपण चहा घेतला, त्याच्याच ओट्यावर नोव्हेंबरमध्ये पैसे मागायला बसायचं असतं. आवाज न चढवता, त्याचा मान न घालवता आणि आपलं काम न सोडता. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मला ते शिकायला दहा वर्षं लागली.

आता एक प्रसंग सांगतो. माझ्या कामाचे त्याच्या आधीचे आणि त्याच्या नंतरचे असे दोन भाग पडले आहेत.

२०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता, ते तुम्हाला आठवत असेल. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. आदल्या वर्षी, २०१९च्या ऑक्टोबरमध्ये, काढणीच्या ऐन वेळी पाऊस लागून राहिला. सोयाबीन भिजलं, आणि त्याच सोयाबीनचं पुढं बियाणं झालं. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला कोंब दुखावतो. त्यात काहींनी पुरेशी ओल नसताना पेरलं, काहींचं बी खोल गेलं. अशी सगळी कारणं एकत्र आली.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात मी सांगितलेलं बियाणं चार एकरांत पेरलं गेलं होतं. आठव्या दिवशी फोन आला. त्या काळात कितीतरी विक्रेत्यांचे फोन बंद होते. माझ्याही वरिष्ठांनी सुचवलं होतं की आठवडाभर तिकडं फिरकू नका. मी गेलो. धाडस होतं म्हणून गेलो असं म्हणणार नाही. न जाता झोप लागली नसती, म्हणून गेलो. रान उघडं पडलं होतं. चार पावलांवर एखादं रोप. तो शेतकरी ओरडला नाही. बांधावर बसून एवढंच म्हणाला, "सायेब, तुमी पिशव्या इकल्या. आता म्या काय इकू?"

त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण त्याची पावती, पिशवीवरचं लेबल आणि पिशवीत उरलेले मूठभर दाणे मी सांभाळून ठेवायला सांगितले. तालुक्याच्या तक्रार समितीकडं अर्ज लिहायला त्याच्या शेजारी बसलो. पाहणीच्या दिवशीही हजर राहिलो. कंपनीत मला बोलणी खावी लागली. त्यांचा माणूस असून मी त्यांच्याच मालाविरुद्ध अर्ज लिहिला, हे त्यांना पटलं नाही. त्या वर्षीचा इन्सेंटिव्ह गेला. घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "गेला तर गेला, त्या गावात परत जाता येईल ना?" माझ्या धंद्याची व्याख्या तिनं एका वाक्यात केली होती.

विक्री पिशवी दुकानातून बाहेर पडते तेव्हा होत नाही. पुढच्या हंगामात त्याच गावात ताठ मानेनं जाता येतं, तेव्हा ती होते. मुलांनो, आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं याच्याच भोवती आहे.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी हे फार आधी ओळखलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. आजच्या कंपनीत दोन वर्षं शून्य विक्री दाखवणारा माणूस दोन महिनेसुद्धा टिकणार नाही. पण त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. जमीन हीच ज्याची सगळी पुंजी, तो तिच्या बाबतीत भिणारच, हे त्यांनी समजून घेतलं. पुढं शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणाऱ्या त्या पत्रातूनच पुढं मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म हिंगोलीचा, आणि १९९९पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होतं. त्यांनी जालन्यात भेंडीचं 'पुसा सावनी' हे वाण पिकवलं. केवडा रोगाला ते बऱ्यापैकी तोंड द्यायचं, म्हणून त्याचं बियाणं शेतकऱ्यांना हवं होतं. त्यातून १९६४ साली महिको उभी राहिली आणि १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मी त्या कंपनीत कधी नव्हतो. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बियाणं पिकवण्याचं काम त्यांनी लहान लहान शेतकऱ्यांकडूनच करून घेतलं. जो बियाणं घेणारा, तोच ते पिकवणाराही झाला. असा माणूस तुमच्या मालाची खात्री शंभर जाहिरातींपेक्षा जास्त देतो.

आणि तिसरं उदाहरण तर घरचंच. आपलं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. दर वर्षी त्या दिवशी खरीप मेळावा भरतो आणि विद्यापीठाचं बियाणं विकायला निघतं. मे महिन्यातल्या त्या उन्हात शेतकरी रांगेत उभे राहतात. त्या रांगेला कुणी स्कीम दिलेली नसते, कुणी सहलीचं आमिष दाखवलेलं नसतं. 'परभणी क्रांती' भेंडी असो की सोयाबीनचं एखादं वाण असो, शेजाऱ्याच्या रानात आलेलं पीक बघून माणूस तिथं येतो. मी दर वर्षी जाऊन ती रांग बघतो. आपल्या धंद्यात जे मिळवायचं, ते हेच, असं मनाशी म्हणतो.

आता अडचणी. त्या लपवून तुम्हाला या वाटेवर बोलावलं, तर मीही चुकीचा मालच विकल्यासारखं होईल.

टार्गेट दर वर्षी वाढतं. पाऊस दर वर्षी वाढत नाही. महिनाअखेरीला दुकानदाराच्या गळ्यात नको असलेला माल मारायचा दबाव येतो. तो माल पुढच्या महिन्यात परत येतो आणि तुमची पत घेऊन येतो. लिंकिंगचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. शेतकऱ्याला डीएपी हवं असतं, तर त्याच्यासोबत एखादी बाटलीही घ्यायलाच लावायची. सरकारची त्याला मनाई आहे. मनाई नसती तरी ते करू नका. ती बाटली घरी कोपऱ्यात पडून राहते, आणि ती दिसली की त्या माणसाला तुमचं तोंड आठवतं.

दुसरी अडचण रस्त्याची. या कामात मी तीन मोटरसायकली झिजवल्या आणि कंबरही. रात्री अकराला पाथरीहून परतताना डोळा लागून एकदा मरता मरता वाचलो. तेव्हापासून नियम केला आहे. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, उशीर झाला तर तिथंच मुक्काम करायचा. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग मी कितीदा बुडवलं, ते तिलाच विचारा. ते दिवस मला परत मिळाले नाहीत.

तिसरी अडचण फसवणुकीची. नोकरीसाठी जो आधी पैसे मागतो, तो नोकरी देणार नसतो. 'आणखी चार जण जोडा' असं म्हणणाऱ्याकडं विकण्यासारखा माल नसतो, तुम्हीच त्याचा माल असता. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. पगार किती, टीए-डीए किती, विमा आहे की नाही, हे पहिल्या दिवशी विचारा. विक्रीचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. तो मुळात औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी होता. नेमणुकीचं पत्र लेखी मिळालं पाहिजे, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ज्यांनी त्यासाठी धडपड केली त्यांची आठवण ठेवा, आणि पत्र मागायला लाजू नका.

एवढं सांगूनही मी म्हणतो, या कामात या. का या, तेही ऐका.

या कामात तुमच्या कष्टाचा हिशोब तुम्हाला रोज दिसतो. वशिला तुम्हाला फार तर दुकानाच्या दारापर्यंत नेतो, आत तुमचं बोलणं आणि तुमची माहितीच उपयोगी पडते. माझ्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलानं याच कमाईवर घर बांधलं आणि बहिणींची लग्नं केली. जग वाचायला शिकलो. दुकानात शिरताच माल किती पडून आहे, मालकाच्या तोंडावर काळजी कसली आहे, कोणतं शेल्फ रिकामं आहे, हे दिसायला लागतं. हे शिक्षण कुणी काढून घेऊ शकत नाही. बियाणं सोडून उद्या ट्रॅक्टर विकायचा म्हटलं तरी ते सोबत येतं.

पुढं स्वतःचं कृषी सेवा केंद्रही काढता येतं. पिकांवरच्या औषधांच्या परवान्यासाठी आता शेतीतली किंवा रसायनशास्त्रासारख्या विषयातली पदवी, नाहीतर पदविका लागते. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं 'देसी' नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम २००३ साली सुरू केला. पन्नाशीतले दुकानदार रविवारी वही-पेन घेऊन वर्गात बसतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. आणि मुलींनो, तुम्हीही या. आपल्याकडं निंदणी, वेचणी आणि बी राखणं हे बायकांच्या हातात आहे. मी वीस वर्षं ज्या घरांच्या ओट्यावरून परत फिरलो, तिथं तुम्ही चुलीपाशी बसून बोलू शकाल.

शेवटी पुन्हा जिंतूरकडं जाऊ.

त्या वर्षानंतर मी एक काम न चुकता करतो. मे महिन्यात गावात गेलो की पिशवीबद्दल बोलायच्या आधी गोणपाट मागतो. ते भिजवायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल राखायची. सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बियाणं चांगलं. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवा, फारच कमी निघाले तर पेरू नका. आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफणीला हात लावू नका. घरचं बियाणं असलं तरी हीच पद्धत. घरचं बियाणं पेरलं की माझी विक्री कमी होते. होऊ द्या.

त्या बांधावरच्या शेतकऱ्यानं पुढची दोन वर्षं माझ्याकडून काही घेतलं नाही. त्याच्याकडं मीही काही मागितलं नाही, जाऊन नुसता भेटत राहिलो. तिसऱ्या वर्षी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहाला त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "सायेब, अठ्ठ्याहत्तर आले. पेरू का?"

मी विचारलं, "पाऊस किती झाला?"

"झाला न्हाई अजून."

"मग थांबा," मी म्हणालो.

तो थांबला. त्या पिशव्या माझ्या कंपनीच्या होत्या की दुसऱ्या कुणाच्या, ते मी विचारलं नाही.