‘ओ’ लिहिलंय, पण तो ‘ओ’च आहे का?



1952 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटासा लेख छापून आला. लेखकांमध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया ही मुंबईची नावं होती आणि त्यांच्या जोडीला इंग्लंडचे रक्तगटतज्ज्ञ रेस आणि सँगर. मुंबईत रेल्वे अपघातात सापडलेला एक माणूस आणि भोसकला गेलेला दुसरा, अशा रुग्णांना रक्त द्यायचं होतं. तपासणीत रक्त ‘ओ’सारखं दिसे, पण ‘ओ’ रक्तदात्याचं रक्त घेतलं तरी रुग्णाच्या रक्तद्रवात त्याच्या गुठळ्या होत. जगाला अनोळखी असलेला एक रक्तगट आपल्या शहरात सापडला होता. आज सगळं जग त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतं.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला थोडं आत शिरावं लागेल. आपल्या लाल पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. तिथे फ्युकोज नावाची एक साखर जोडली गेली की ‘एच’ हा पदार्थ तयार होतो. तो म्हणजे खुंटी. ‘ए’ जनुक या खुंटीवर एक साखर अडकवतं, ‘बी’ जनुक दुसरी. ‘ओ’ जनुकातलं एक अक्षर गळालेलं असल्यामुळे त्याला काहीच अडकवता येत नाही. खुंटी नुसती राहते. ए, बी, ओ ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे आणि खुंटी ठोकणारं जनुक एकोणिसाव्यावर. दोन्हींचा वारसा स्वतंत्रपणे चालतो.

प्रत्येकाकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती येतात. म्हणून ‘ए’ गटाचे वडील आणि ‘बी’ गटाची आई यांच्या पोटी ‘ओ’ गटाचं मूल येऊ शकतं. दोघांनीही एकेक ‘ओ’ लपवून ठेवलेला असतो इतकंच. आता समजा, ‘एच’ची दोन्ही जनुकं निकामी आली. मग खुंटीच नाही! ‘ए’ किंवा ‘बी’ जनुक धडधाकट असूनही त्याला काही करता येत नाही. अशा माणसाचा रिपोर्ट ‘ओ’ येतो. त्याला आजार काहीच नसतो. अडचण येते ती रक्त घ्यायची वेळ आली की, कारण त्याच्या शरीरात ‘एच’विरुद्ध प्रतिद्रव्यं असतात आणि सामान्य ‘ओ’ पेशींवर तर ‘एच’ भरपूर असतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आईच्या रिपोर्टवर ‘ओ’, वडिलांच्या रिपोर्टवर ‘ओ’ आणि बाळाचा गट ‘बी’. घरात कुजबुज सुरू होते आणि संशयाची सुई बाईवरच जाते. आई बॉम्बे गटाची असेल तर तिच्याकडे ‘बी’ जनुक दडलेलं असू शकतं. वडिलांकडून आलेल्या चांगल्या ‘एच’ जनुकामुळे ते बाळात उघड होतं, बस्स. रक्तगटाच्या कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नका. शंका असेल तर रक्तपेढीतल्या डॉक्टरांना विचारा.

मुंबई परिसरात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा असतो; युरोपात दहा लाखांत एकाचा. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची वस्ती 2011 च्या जनगणनेतच मिळून नऊ लाखांच्या वर होती. म्हणजे या पट्ट्यात असे नव्वदेक लोक असावेत, असा हिशोब निघतो. त्यांतल्या कितीजणांना स्वतःचा गट माहीत आहे? यातले बरेचजण रोज कर्जत किंवा खोपोली लोकलने जाणारे असतील. 1952 मध्ये मुंबईत जे घडलं, ते आपल्या रुळांवर कधीही घडू शकतं.

आणि ही गावं तर सतत रक्त लागणारी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांमध्ये आलेल्या सिंधी कुटुंबांतून उल्हासनगर उभं राहिलं. सिंधी, लोहाणा आणि कच्छी समाजांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक इतरांपेक्षा जास्त आढळतात. वारसा याच पद्धतीचा: आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर दर गर्भाला चारात एक धोका. अशा मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्ताची पिशवी चढवावी लागते. वारंवार रक्त घेतल्यावर ए-बी-ओ जुळूनही आरएच आणि केल यांसारख्या इतर गटांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. म्हणून त्यांच्यासाठी अधिक बारकाईने जुळणी व्हायला हवी, आणि लग्नाआधी वाहक ओळखणारी एचबीए-टूची तपासणी दोन्हीकडच्या मंडळींनी निःसंकोच करून घ्यावी.

काचपट्टीवर तीन थेंब टाकून होणारी तपासणी बॉम्बे गट पकडू शकत नाही. उलट तपासणी मात्र तो पकडते: रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात ‘ओ’ पेशी टाकतात. खऱ्या ‘ओ’ माणसाच्या द्रवात त्या मोकळ्या राहतात, बॉम्बेच्या द्रवात त्यांचे गोळे होतात. रक्तपेढीत क्रॉसमॅच करतानाही हा पेच लक्षात येतो. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. डॉ. भाटियांनी तिथे या विषयाचं काम पुढे नेलं.

तुमच्यापैकी ज्यांचा गट ‘ओ’ आहे, त्यांनी पुढच्या शिबिरात रक्त देताना उलट तपासणी आणि ‘एच’ तपासणीबद्दल जरूर विचारावं. आणि कुणाच्या घरी बॉम्बे गट सापडला असेल, तर त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींना आधी तपासून घ्या. प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते, आणि गरज पडलीच तर सगळ्यात आधी विचारायचं असतं ते त्यांनाच.