पाळण्यांतील सम्राट आणि त्याचीं भावंडें

राज्य गमावलेल्या पुरुषांच्या कथा इतिहासांत पुष्कळ आहेत. कोणी रणांगणावर हरला, कोणी प्रजेच्या रोषास बळी पडला, कोणी स्वतःच्याच अविचारानें बुडाला. अशा माणसाविषयीं आपणांस हळहळ वाटते. तथापि त्याच्या दैवाचा कांहीं तरी हिशेब त्याच्या करणीशीं जुळवितां येतो. परंतु ज्यानें राज्य मागितलें नाहीं, चालविलें नाहीं, आणि गेलें तेव्हां तें गेल्याचेंहि ज्याला कळलें नाहीं, त्याचा हिशेब कसा जुळवावा? रशियाचा सम्राट सहावा इव्हान हा असा मुलगा होता. त्याची व त्याच्या भावंडांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

प्रथम त्याचें घराणें पाहूं. पीटर दि ग्रेट १७२५ सालीं वारला. त्याचा सावत्र भाऊ पांचवा इव्हान हा पूर्वीं कांहीं काळ त्याच्या जोडीनें नांवाचा राजा होता. या पांचव्या इव्हानची मुलगी ॲना १७३० सालीं गादीवर आली. तिला मूलबाळ नव्हतें. आणि राज्य पीटरची मुलगी एलिझाबेथ हिच्याकडे न जातां आपल्या पित्याच्याच वंशांत राहावें, अशी तिची इच्छा होती. म्हणून तिनें आपल्या बहिणीची मुलगी ॲना लिओपोल्डोव्हना हिचें लग्न जर्मनींतील ब्रन्सविकच्या राजघराण्यांतील ॲन्टन उलरिख याच्याशीं लावून दिलें. २३ ऑगस्ट १७४० रोजीं या दांपत्यास मुलगा झाला, आणि सम्राज्ञीनें तोच आपला वारस असल्याचें जाहीर केलें. त्या काळीं रशियांत जुनें पंचांग चालत असल्यामुळें तिकडील कागदांत ११ दिवसांचा फरक दिसतो. मी येथें नव्या कालगणनेच्या तारखा देत आहें.

२८ ऑक्टोबर १७४० रोजीं सम्राज्ञी वारली आणि अवघ्या नऊ आठवड्यांचें मूल एका अफाट साम्राज्याचें धनी झालें. सैन्यानें व सरदारांनीं त्याच्या नांवानें शपथा घेतल्या; टांकसाळींतून त्याच्या मुखवट्याचीं नाणीं निघूं लागलीं. राज्याची मुखत्यारी प्रथम बायरन नांवाच्या सरदाराकडे होती. तीन आठवड्यांतच सेनापति म्यूनिख यानें त्याला पकडून मुलाच्या आईला मुखत्यार केलें. ती बाई स्वभावानें सौम्य आणि कारभारांत उदासीन होती. कट शिजत असल्याच्या सूचना तिला मिळाल्या, पण तिनें त्या मनावर घेतल्या नाहींत.

६ डिसेंबर १७४१ च्या पहांटेपूर्वीं पीटरची कन्या एलिझाबेथ प्रिओब्राझेन्स्की पलटणीच्या शिपायांसह राजवाड्यांत शिरली. रक्त न सांडतां राज्य पालटलें. सम्राटाचें वय तेव्हां पंधरा महिन्यांचें होतें. त्याची धाकटी बहीण एकातेरिना चार महिन्यांची होती. ती पुढें जन्मभर बहिरी राहिली. त्या रात्रीच्या गडबडीत ती कोणाच्या तरी हातून खालीं पडली, त्याचा हा परिणाम असें सांगत असत.

नवी सम्राज्ञी एलिझाबेथ कांहीं क्रूर बाई नव्हती. आपल्या राज्यांत कोणासहि देहान्त शिक्षा द्यावयाची नाहीं असा तिचा निश्चय होता, आणि तो तिनें वीस वर्षें पाळला. तेव्हां त्या मुलाला मारण्याचा प्रश्न नव्हता. या कुटुंबाला जर्मनीस परत पाठवूं असेंच तिनें प्रथम ठरविलें होतें. परंतु मंडळी रीगापर्यंत पोंचलीं तों तिचें मन फिरलें. परदेशांत वाढलेला हा मुलगा उद्यां एखाद्या शत्रूच्या फौजेसह परत आला तर? या एका ‘तर’ पायीं तें कुटुंब पुन्हां मोकळें झालें नाहीं. रीगा, मग ड्युनामुंडेचा किल्ला, मग रानेनबुर्ग, आणि १७४४ सालीं उत्तर समुद्राजवळ ड्वीना नदीकांठीं असलेलें खोल्मोगोरी, असा त्यांचा प्रवास झाला.

मुलाला मारावयाचें नव्हतें. पण त्याचें नांव मात्र मारावयाचें होतें. त्याच्या मुखवट्याचीं नाणीं लोकांनीं परत करावीं असे हुकूम सुटले. त्याच्या नांवानें घेतलेल्या शपथांचे कागद जाळण्यांत आले. ज्या दप्तरांत त्याची पदवी लिहिली गेली होती तीं दप्तरें वेगळीं काढून मोहोरबंद करण्यांत आलीं. चार वर्षांच्या मुलाला आईबापांपासून तोडलें, आणि पहारेकऱ्यांनीं त्याला ग्रिगोरी या नांवानें हांक मारावी अशी आज्ञा झाली. खोल्मोगोरीस धर्माधिकाऱ्याच्या जुन्या वाड्याभोंवतीं उंच कुंपण घालून त्यांत सर्वांना ठेवलें होतें. त्याच आवारांत, वेगळ्या कोठडींत, हा मुलगा होता. आईबापांना तो इतका जवळ असल्याचा पत्ता लागूं दिला नाहीं.

कैदेंत या दांपत्यास आणखी तीन मुलें झालीं : १७४३ सालीं एलिझावेता, १७४५ सालीं पीटर आणि १७४६ सालीं ॲलेक्सी. शेवटच्या बाळंतपणांतच आई वारली. तिचें वय २७ वर्षांचें होतें. तिचा देह राजधानींत नेऊन सन्मानानें पुरण्यांत आला. परंतु तिच्या मुलग्यांच्या जन्माची वार्ता गुप्त राखण्यांत आली. मेलेल्या आईपासून राज्याला भय नव्हतें. जिवंत मुलग्यांपासून होतें.

१७५६ सालीं, पंधरा वर्षांच्या इव्हानला एके रात्रीं गुपचूप श्लिसेलबर्गच्या किल्ल्यांत हलविलें. लाडोगा सरोवरांतून नेव्हा नदी जेथें बाहेर पडते, तेथील बेटावर हा किल्ला आहे. तेथें त्याला ग्रिगोरी हें नांवहि उरलें नाहीं. कागदोपत्रीं तो केवळ ‘अमुक कैदी’ झाला. खोली झाडावयास माणूस आला कीं त्याला पडद्याआड उभें करीत. आपण कोठें आहों हें त्याला सांगण्याची मनाई होती. इतकें करूनहि, आपण या देशाचे राजे आहों असें तो बोलून दाखवितो, असें पहारेकऱ्यांनीं आपल्या अहवालांत लिहून ठेवलें आहे. ज्याचें नांव पुसण्यासाठीं साऱ्या साम्राज्याची दप्तरें धुंडाळलीं, त्याच्या स्वतःच्या मनांतून मात्र तें पुसतां आलें नाहीं.

१७६२ सालीं आपल्या नवऱ्यास पदच्युत करून कॅथराईन गादीवर आली. कैद्यास सोडविण्याचा कोणी यत्न केला तर त्याला जिवंत हातीं लागूं देऊं नये, असा हुकूम पहाऱ्यावरील दोघां अधिकाऱ्यांस मिळाला होता. १६ जुलै १७६४ च्या पहांटे मिरोविच नांवाचा एक तरुण लष्करी अधिकारी कांहीं शिपाई फितवून त्याच्या सुटकेसाठीं पुढें सरला. तो दरवाजापर्यंत येतो तों आंत हुकुमाची तामिली झालेली होती. इव्हानला चोविसावें वर्ष पुरें व्हावयास कांहीं आठवडे उरले होते. मिरोविचचा शिरच्छेद झाला; इव्हानला किल्ल्याच्या आवारांत कोठें तरी निनांवी पुरलें.

येथें बहुतेक इतिहासकार ही कथा संपवितात. पण कुटुंबाची कथा येथें संपत नाहीं. कॅथराईननें गादीवर येतांच ॲन्टन उलरिखला कळविलें होतें कीं, तुम्ही स्वदेशीं जाऊं शकतां, मुलें मात्र येथेंच राहतील. त्यानें तें नाकारलें. रणांगणावर किंवा दरबारांत या गृहस्थाचें तेज कधीं पडलें नव्हतें. परंतु हा एक नकार त्याच्या नांवावर आहे. पुढें त्याची दृष्टि गेली, आणि मुलांच्या सहवासांतच तो खोल्मोगोरीस वारला.

१७८० च्या सुमारास कॅथराईनला नातू झाले होते आणि गादीची चिंता मिटली होती. तेव्हां त्या चार भावंडांची चौकशी करण्यास मेल्गुनोव्ह हा अधिकारी गेला. एलिझावेतानें त्याच्याशीं बोलणें केलें. पूर्वीं आम्हांला जग पाहण्याची हौस होती, असें ती म्हणाली. पण आतां आम्हांला लोकांत कसें वागावें हेंहि ठाऊक नाहीं, आणि शिकण्याचें वय निघून गेलें. येथेंच राहूं द्या. फक्त कुंपणाबाहेर कुरणांत फिरावयास जाऊं द्या, अधिकाऱ्यांच्या बायकांना आमच्याकडे येऊं द्या, आणि राजधानीहून आलेले कपडे कसे घालावयाचे हें आम्हांला कळत नाहीं, तें सांगणारें माणूस द्या. राजवंशांतील मुलींचें मागणें हें एवढेंच होतें.

हें मागणें मान्य न होतां त्यांना सुटका मिळाली. डेन्मार्कची विधवा राणी जुलियाना मारिया ही त्यांची सख्खी आत्या. तिच्या देखरेखीखालीं होर्सेन्स गांवीं त्यांची सोय झाली. दर भावंडास सालीना ८,००० रूबल रशियाच्या खजिन्यांतून मिळूं लागले. पण आत्या त्यांना भेटावयास कधीं आली नाहीं. त्यांना रशियन भाषेशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि बरोबर आलेले रशियन नोकर लवकरच परत पाठविण्यांत आले. एलिझावेता १७८२ सालीं, ॲलेक्सी १७८७ सालीं, पीटर १७९८ सालीं वारला. राहिली ती सर्वांत वडील, बहिरी एकातेरिना. तिनें १८०३ सालीं सम्राट ॲलेक्झांडर यास पत्र लिहून, मला रशियांत परत येऊन जोगीण होऊं द्या, अशी विनंती केली. खोल्मोगोरी हाच आपला स्वर्ग होता, असें तिचें म्हणणें होतें. तिला परवानगी मिळाली नाहीं. १८०७ सालीं परक्या भूमींतच तिचा अंत झाला.

श्रोतेहो, कुंपणाच्या आंत जन्म काढलेल्या बाईला तें कुंपणच स्वर्ग वाटावें, याहून मोठा अन्याय मला या सबंध हकीकतींत दिसत नाहीं. इव्हानचा प्राण घेणाऱ्यांचें पाप उघड आहे. पण या भावंडांना कोणी मारलें नाहीं, उपाशी ठेवलें नाहीं, आणि अखेर पेन्शन देऊन सोडलेंहि. तरी जवळजवळ ३९ वर्षांत त्यांचें जें गेलें, तें परत देण्याची शक्ति कोणत्याहि सम्राज्ञीच्या खजिन्यांत नव्हती. गादीवर बसणाऱ्यास आपल्या प्रतिस्पर्ध्याची भीति वाटावी हें समजूं शकतें. परंतु त्या भीतीची किंमत मुलांच्या बालपणानें चुकती केली, म्हणजे तें कर्ज कोणत्याहि पुढच्या राज्यकर्त्याला फेडतां येत नाहीं. रशियांत तीन राजवटी बदलल्या, तरी तें फिटलें नाहीं, हेंच या कुटुंबाची हकीकत सांगते.