मुद्दा आणि पोटमुद्दा



आपल्या मराठीत 'पोट' हा शब्द मोठा कामाचा आहे. जमिनीचा पोटहिस्सा, कायद्यातलं पोटकलम, घराचा पोटमाळा. मोठ्या गोष्टीच्या आत राहणारी, तिच्याच आधाराने उभी असलेली लहान गोष्ट म्हटली की आपण हा शब्द वापरतो. टिपणं लिहितानाही मुद्दा आणि पोटमुद्दा असा भेद आपण करतोच. संगणकावर ही मांडणी अगदी साध्या साधनाने कशी करावी, हे आज मला सांगायचं आहे.

ते साधन म्हणजे साधा मजकूर. ठळक टाइप नाही, रंग नाही, चौकटी नाहीत. फक्त अक्षरं, मोकळ्या जागा आणि ओळी. विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये आपण लिहितो तो असाच मजकूर. 'एवढ्या साध्यावर का समाधान मानायचं?' असं कोणी विचारील. त्याचं कारण असं, की साधा मजकूर टिकतो. जुन्या मराठी फाँटांत टाइप केलेल्या फायली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या म्हणजे अक्षरांचा कसा चिवडा होतो, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. प्रत्येक फाँटाचे संकेत निराळे. तो फाँट नसला की मजकूर वाचता येत नाही. युनिकोडने ही अडचण दूर केली. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली. म्हणून फाइल जतन करताना 'यूटीएफ-८' हा प्रकार निवडावा. जुन्या नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' निवडलंत, तर अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतील, बरं का!

आता मांडणीकडे वळू. समजा, मातीची धूप हा पाठ शिकवायचा आहे. मुख्य मथळ्याला एक तारा द्यावा, पोटमुद्द्याला दोन, त्याच्याही पोटातल्या मुद्द्याला तीन. ते असं दिसेल :

* मातीची धूप
** कारणे
*** जोराचा पाऊस
*** झाडं नसलेला उतार
** उपाय
*** समतल बांध
*** बांधावर गवत
** मुलांना दाखवायचे
*** पावसानंतरचं ओढ्याचं गढूळ पाणी

यात कोणता मुद्दा कोणाच्या पोटात आहे, हे तारे मोजले की कळतं. कागदावर छापलं तरी कळतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को येथे, डग्लस एंगलबार्ट यांनी भर सभेत संगणकावर बाजारहाटाची एक यादी करून दाखवली. जिनसांचे गट पाडले, ते गट मिटवले आणि पुन्हा उघडले. पुढे २००३ साली ॲमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी 'ईमॅक्स' या संपादकासाठी 'ऑर्ग-मोड' तयार केला. वर दिलेली ताऱ्यांची रीत त्यात चालते. मथळ्यावर टॅबची कळ दाबली की आतले पोटमथळे दिसतात. पुन्हा दाबली की सगळा मजकूर, आणि आणखी एकदा दाबली की सारं मिटून जातं. ऑल्टची कळ धरून वरचा किंवा खालचा बाण दाबला, तर मुद्दा आपल्या सगळ्या लेकुरवाळ्या लवाजम्यासह जागा बदलतो. हे साधन विनामूल्य मिळतं. ते नसलं तरी बिघडत नाही. नोटपॅडमध्ये मथळे मिटणार नाहीत, पण तारे आणि मजकूर तसेच राहतील.

पुण्याचं पेशवे दप्तर तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. तिथे हजारो रुमालांत कागद बांधलेले. दप्तरात रुमाल, रुमालात कागद. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. कागदांचा ढीग नुसता साठवून भागत नाही. हवा तो कागद हाती लागावा, यासाठी बांधणीच लागते.

दोन-तीन पथ्यं मात्र पाळावीत. एका पातळीवर एकाच जातीचे मुद्दे असावेत. 'कारणे', 'उपाय' यांच्या रांगेत 'जोराचा पाऊस' बसवला, तर वाचणारा गोंधळतो. एखाद्या मुद्द्याला एकच पोटमुद्दा निघत असेल, तर तो वेगळा काढूच नये. वरच्याच ओळीत घालावा. आणि तीन-चार पातळ्यांपेक्षा खोल जाऊ नये. आधी सुचेल तसं लिहावं, मग ओळी हलवाव्यात. लिहितानाच तारे मोजत बसलं, तर विचार अडतो. आकृत्या आणि नकाशे यांसाठी मात्र वहीच बरी. तयार फाइलीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी.

शिक्षकाची बदली होते, तेव्हा त्याने वर्षानुवर्षं जमवलेली उदाहरणं त्याच्याबरोबर निघून जातात. गावातला कुठला ओढा दाखवावा, कुठल्या प्रश्नावर मुलं अडतात, हे नव्या गुरुजींना किंवा बाईंना पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. नुकसान मुलांचंच होतं. अशी टिपणं साध्या मजकुरात, नीट मुद्दे पाडून शाळेत ठेवली, तर येणारा माणूस ती कुठल्याही यंत्रावर उघडील आणि त्यात आपली भर घालील.

तेव्हा या आठवड्यात एकच पाठ घ्या. त्याची तीन मथळ्यांत मांडणी करा, आणि ती शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना वाचायला द्या. न विचारता त्यांना ती समजली, तर मांडणी जमली असं समजावं.